आईचं बोट

काळूराम : दार लोट आधी, शशिकला. शेजारचे ऐकतील.

शशिकला : लोटते. बावीस वर्सांनी जेठ सुकापूरला भावजयीच्या दारात आले, आनि पयली गोष्ट काय, तर दार लोट! बोला. घरात मी हाय आनि ही सुकटाची टोपली.

काळूराम : हंडा गावला.

शशिकला : कुठला हंडा?

काळूराम : येड घेऊन पेडगावला जाऊ नको. आपला सोन्यानं भरलेला हंडा. आज्याच्या बापानं कर्नाळ्याच्या किल्ल्यावरनं आनलेला. एअरपोर्टसाठी घर पाडलं ना परवा? उखळ उपटलं. त्याच्याखाली.

शशिकला : उखळाखाली?

काळूराम : चूल खनली होती, ओटा खनला, भिंती फोडल्या. पन उखळाला कोन हात लावनार? लग्नाची हळद कांडायचं, पूजेचं उखळ ते.

शशिकला : म्हंजे आईंनी बोट केलं, ते उखळाकडं?

काळूराम : असेल.

शशिकला : असेल काय! मरायला टेकलेल्या त्या, वाचा गेलेली त्यांची. तुमी कानाशी वरडलात, हंडा कुठं ठेवलास? त्यांनी बोट उचललं. मी उखळावर वाकून नणंदेची हळद कांडत होती. पिवळे हात घेऊन उभी राहिली, तर केसाला धरून ओढलंत मला! माज्या तान्ह्या शैलेशसकट बाहेर काढलंत!

काळूराम : बोट तुज्याकडंच होतं. आमाला काय सपान पडलं होतं?

शशिकला : मग आता चला. देवळाम्होरं गाव जमवा आनि एकदा बोला, शशिकला चोर नाय. मला दुसरं काय नको, देवाची आन.

काळूराम : तेच सांगाया आलोय. बोलायचं नाय.

शशिकला : काय?

काळूराम : गावला म्हटलं का बहिनी, चुलते, सगळे दारात. माज्या रियाचं लगीन काढलंय, जावयाला गाडी कबूल केलीय. लोकांना वाटतंय तू नेलास, वाटू दे. एवढी वर्सं चोर हायस, तुला सवय झालीय.

शशिकला : अरे, मानूस हाईस का कोन!

काळूराम : ही घे. पुतळ्यांची माळ, त्याच हंड्यातली. गप राहा. आनि बोंबललीस तर दाखव कोनालाबी. म्हन्तील, बगा, माल हिच्याच घरातून निगाला.

शशिकला : ...उखळ कुठंय?

काळूराम : भरावात गेलं. वरनं डोंगर फोडून टाकलाय.

शशिकला : एक सांगा. मयताला मला अंगनातनं हाकललंत, नवऱ्याचं तोंड नाय बगू दिलंत. जाताना ते काय बोलले माजं?

काळूराम : काशिराम? सोड ना आता.

शशिकला : सांगा.

काळूराम : बोलला, तिला म्हनावं, हंडा परत दे. मी काय बोलनार नाय, घरी ये.

(शशिकला भिंतीवरचा काशिरामचा फोटो काढून पदरानं पुसते.)

शशिकला : द्या ती माळ. त्यांच्या फोटूला घालते. सांगते, घ्या, आनलं परत.