माझी घोडी काळीच आहे

मी, वय ४९, धंदा घोडागाडीने बाजारातला माल दुकानांवर पोचवणे, राहणार बाजारामागे तबेल्याला लागून, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी घोडी, वय नऊ, सात महिन्यांपूर्वी भर दुपारी तबेल्यातून चोरीला गेली. तक्रार तेव्हाच दिली आहे. तीत रंग 'काळा, कुठेही डाग नाही' असा आहे.

आज सकाळी दहाच्या सुमारास ती मला वीटभट्टीवर दिसली. रंग विटून लालसर, फासळ्या मोजून घ्याव्या. हाक मारली, तिने मान वर केली. त्याबद्दल जास्त काही सांगायचं नाही.

घोडीसकट इथे ठाण्यात आणल्यावर भट्टीवाला म्हणाला, "बाईंची काळी होती, माझी लाल आहे. घोडी आहे की सरडा?" सगळे हसले. साहेबही हसले. तेही लिहा.

खुराकात तांबं कमी पडलं की घोड्याचे काळे केस विटतात. मी घेतली तेव्हा ती अशीच होती. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी तांबं असलेली खनिजाची भुकटी दिली. रोज एक चमचा, भरड्यात कालवून. मापानेच, जास्त झालं तर बाधतं. पुढे जुने केस झडून नवे आले ते काळेभोर. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजून हे होत नाही. हवालदारांनी मधेच सुचवलं म्हणून सांगते. भट्टीवाल्याने तिला नुसत्या कोंड्यावर राबवली.

डॉक्टरांना मीच बोलावून आणलं. ते म्हणाले, मानेवर तळहाताएवढी जागा भादरा, खुराक सुरू करा, दोन-तीन महिन्यांत नव्या केसांवरून खरं-खोटं कळेल.

साहेब म्हणतात, तोवर घोडी हमीपत्रावर भट्टीवाल्याकडे राहू दे. मला ते साफ नामंजूर. तिथे ती पुन्हा कोंडाच खाईल, केस पुन्हा विटकेच येतील आणि खोटी मी ठरेन. तिला डॉक्टरांच्या दवाखान्याच्या आवारात ठेवा. खुराक मी रोज नेऊन देईन, त्यांच्यादेखत. तिला हात लावायचा नाही, ही अटही कबूल. पण आज ती भट्टीवर परत गेली, तर मी ठाण्याच्या फाटकासमोरून उठणार नाही. ही धमकी नाही, आधी दिलेली माहिती आहे.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'बाई स्वतःची म्हणतात ती घोडी' असं होतं, तिथे 'माझी घोडी' करून घेतलं. आता बरोबर आहे. अंगठा देणार नाही, सही करते. अक्षरं जुळवायला वेळ लागेल, थांबा.