वस्तादांनी लावलेली जोड

चौऱ्याहत्तर साली आपली टीम इंग्लंडात मार खात होती, तेव्हा मिरजगावात मीही खाल्ला. आधी चहा खाली ठेवा, मग हसा.

मी तिथे शाळेत मास्तर होतो. अंगात हाडं तेवढी होती. कॉमेंट्री ऐकायला तालमीत जायचो, कारण रेडिओ वस्तादांचा. पहिली कसोटी हरलो तसा वस्तादांचा हात बटणाकडे गेला.

"मास्तर, पाठ एकाचीच लागतीया. उगा सेल कशाला जाळायचे?"

"राहू द्या वस्ताद! अजून दोन बाकी आहेत. लई चुरस आहे!"

दुसऱ्या कसोटीत शेवटच्या डावात आपल्या टीमनं जेवढ्या धावा केल्या, त्याहून माझ्या वर्गात पोरं जास्त होती. वस्तादांनी शांतपणे रेडिओ बंद केला.

"ही जोड लावली कुनी? आमी जत्रंत दोघांचे हात हातात देऊन बघतो, मगच कुस्ती."

"वस्ताद, खेळात आधी काही सांगता येत नाही."

"व्हय? मग काढा सदरा."

समोर सोपान. श्रीगोंद्याचा गडी, मांडी माझ्या कमरेएवढी. वस्तादांनी माझा हात त्याच्या पंजात दिला. हात दिसेनासा झाला.

"जोड झ्याक हाय," वस्ताद म्हणाले.

सलामी दिलेली आठवते. त्यानंतर एकदम तालमीचं आढंच दिसलं. मग आढं झाकत वस्तादांच्या मिशा आल्या.

"मास्तर, पडून काय ऱ्हायलात? उठा. अजून दोन बाकी हायत. लई चुरस हाय!"