गंधक एकाच टोकाला

धाकटी: दादा, बंब परत ने. गॅस गळत नाहीये. तो वास माझा आहे!

दादा: अख्खी इमारत नाक धरून रस्त्यावर उभी आहे आणि म्हणे वास माझा?

धाकटी: माझ्या रसायनाचा रे! गंधकाचं आहे. गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून याच्याच भावकीतलं काहीतरी त्यात घालतात.

दादा: मग ते प्रयोगशाळेबाहेर कसं आलं?

धाकटी: हातमोजे ब्लीचच्या बादलीत टाकायचे असतात, मी टाकले साध्या कचऱ्याच्या डब्यात. आनंदात होते ना!

दादा: कसला आनंद?

धाकटी: आत चंबूत माझा रेणू फिरतोय. दोन वर्षं खपून केलेला, आता चिमूटभरच उरलाय. त्याची दोन टोकं जवळजवळ सारखी. गंधक मला एकाच टोकावर बसवायचंय, झाकणासारखं, म्हणजे दुसऱ्या टोकावर निवांत काम करता येईल. पण जास्त वेळ मिळाला की ते मेलं दुसऱ्यावरही बसतं! आत्ता थांबवायला हवं. सोड मला!

दादा: तपासणी झाल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. बहीण असली तरी.

धाकटी: मग तू थांबव. तू जातोच आहेस ना आत?

दादा: मी? अगं, मला घरी कोणी चहासुद्धा करू देत नाही!

धाकटी: मी सांगते तसं कर. दादा, प्लीज!

(दादा मास्क चढवून आत जातो. पुढचं बोलणं वायरलेसवर.)

दादा: मीटर शून्य. गॅस नाही. तुझे हातमोजे बादलीत बुडवले. काय भयंकर वास आहे! मास्क जरा उचलला, लगेच परत चढवला.

धाकटी: काचेच्या कपाटात निळ्या बुचाची बाटली आहे, सोड्याचं पाणी. चंबूत ओत, थेंब थेंब.

दादा: फसफसतंय! अगं, वर येतंय हे!

धाकटी: हळू! बंबाचा पाइप नाहीये तो!

दादा: बसलं. हुश्श. पेटत्या गोदामात शिरणं यापेक्षा सोपं होतं.

धाकटी: आता ती केसाएवढी काचेची नळी चंबूत बुडव आणि पांढऱ्या पट्टीवर उजवीकडे टेकव. डावीकडे जुना माल, गंधक बसण्याआधीचा, मी आधीच लावलाय. पट्टी बरणीत उभी कर, ओल वर चढू दे. जितके वेगळे पदार्थ, तितके ठिपके पडतील.

दादा: चढतेय. बाहेर काय चाललंय?

धाकटी: प्रयोगशाळेच्या मॅडम विचारतायत, ही करामत कोणाची. मी हात वर केलाय.

दादा: शाब्बास. चढली ओल. दिव्याखाली धरतोय. डावीकडे खाली एक ठिपका.

धाकटी: तो जुना. उजवीकडे? दादा, उजवीकडे किती?

दादा: जरा वर... एक.

धाकटी: मास्कची काच पूस. नीट बघ.

दादा: पुसली. एकच आहे गं. मला उशीर झाला का? अजून हवे होते का?

धाकटी: नाही रे दादा. एकच हवा होता.