सर्व्हर बंद करत नाहीत

अरे थांब, जेवण नंतर, आधी ऐक आत्ता काय झालं ते! सकाळी साहेब मला म्हणाले, नवीन मशीनं आलीयेत, सगळ्यांना कॉम्प्युटरचे प्रकार समजावून सांग, नीट सांगितलंस तर आजच तुला कायम करतो. आता कायम म्हटल्यावर... केव्हाचा लोंबकळतोय रे मी, आई रोज दारातच विचारते, झालास का? उभा राहिलो फळ्यापाशी. मी आपला नुसती ओळख करून देत होतो, बरं का.

पण साहेबांची खोड तुला ठाऊक नाही. काही नवीन शिकले की लगेच ते ऑफिसला लावून बघतात. मागे कुठल्या डॉक्टरचं भाषण ऐकून आले, तर अख्ख्या ऑफिसचा चहा बिनसाखरेचा, स्वतःचा सोडून! तर मी म्हटलं, सुपर कॉम्प्युटर, सगळ्यात वेगवान, जगात मोजकेच. साहेबांनी कॉलर सारखी केली. मग म्हटलं, मेनफ्रेम, अवजड, तापतो, अर्धी खोली अडवतो... आणि साहेब थेट हिशेबाच्या काकूंकडे बघायला लागले! वर मला विचारतात, "असली मशीनं हल्ली ठेवतात का रे कोणी?" म्हटलं, बहुतेक ठिकाणी... काढतात. काकूंनी खाता खाता डबा मिटला. अरे, मी आपला नुसती ओळख करून देत होतो!

मग आलं टर्मिनल. नुसता पडदा आणि की-बोर्ड, स्वतःचं डोकं शून्य, मोठं मशीन सांगेल तेवढंच दाखवायचं. सगळं ऑफिस वळलं साहेबांच्या जावयाकडे. कोणीतरी फिसकन हसलं. जावई म्हणतो कसा, "पप्पा, मी हसू का?"

मी घाईघाईनं फळा पुसला. उडी मारली ती सर्व्हरवर. म्हटलं, हा ऑफिसचा जीव, सगळे मागत राहतात, हा देत राहतो, कुरकुर नाही. साहेब खूश. "अरे, हा तर तूच की!" टाळ्या काय, पाठीवर थाप काय, मी चढलो ना हरभऱ्याच्या झाडावर! साहेबांनी विचारलं, ह्याला ठेवतात कुठे? आणि मी मूर्ख, हौसेनं सांगतोय, वेगळ्या थंडगार खोलीत, खिडकी नको, कोणाची ये-जा नको, रात्रंदिवस चालू, बंद म्हणून करायचा नाही.

झालं. खिडकीजवळची माझी खुर्ची जावयाला, मी जिन्याखालच्या कोंदट... कोंदट कसली, बर्फासारख्या खोलीत, एसीच्या तोंडाशी, फोन सुट्टीच्या दिवशीही चालू. आणि कायम? तर म्हणे, "आधी बघू, न थांबता किती चालतोस."

त्या खोलीच्या दारातच हळूच म्हटलं, साहेब, खरं तर मी साधा डेस्कटॉप आहे हो. ते थांबले. "डेस्कटॉपबद्दल मघाशी काय सांगितलंस?"

काय सांगितलं होतं? स्वस्त असतो, बाजारात ढिगानं मिळतो, कुरकुरला की दुसरा आणायचा.

मी आपला नुसती ओळख... जाऊ दे. जादा स्वेटर आहे का तुझ्याकडे? आणि खरं सांग, माझ्या जागी तू असतास, तर स्वतःला कुठलं मशीन म्हणाला असतास?