मंदारची रक्तातली वंशावळ

इथल्या, आयर्लंडमधल्या आपल्या ट्रली गावातल्या मंदारचं ऐकलंत का? पूर्वजांची मुळं शोधत येणाऱ्या अमेरिकनांना हसण्यात या माणसाचा अर्धा उन्हाळा जातो. यंदा त्याच्या शेजारी लोइस नावाच्या एक बाई उतरल्या होत्या, कॅन्ससमधल्या कुठल्याशा गहू पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या. तिथल्या सगळ्या घराण्यांचा इतिहास त्यांनी गोळा केलाय, आणि आता स्वतःच्या पणजोबांच्या थडग्यासाठी इथल्या दफनभूम्या पालथ्या घालत होत्या.

"पणजोबा म्हणजे काय छत्री आहे हरवायला?" मंदार मला म्हणाला. "आपल्याकडे वंशावळ रक्तात असते!"

हे बाईंना दाखवून द्यायला त्याने त्यांना चक्क श्राद्धाला बोलावलं. एरवी श्राद्ध पुण्यात भाऊ घालतो. यंदा हा स्वतः सोवळं नेसून बसला. समोर साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये पुण्याचे गुरुजी.

वडिलांचं नाव झालं, आजोबांचं झालं.

"आता पणजोबांचं नाव घ्या," गुरुजी म्हणाले.

मंदारने पळीभर पाणी पुन्हा ताम्हनात सोडलं.

"पणजोबांचं, पणजोबांचं!"

"गुरुजी, नेटवर्क जातंय बहुतेक."

"मला तर तुम्ही स्वच्छ दिसताय. घामसुद्धा दिसतोय."

लोइसबाईंनी मला हळूच विचारलं, "काय अडलंय?"

मी म्हटलं, "त्याला पणजोबांचं नाव माहीत नाहीये."

बाई एकदम कळवळल्या. मंदारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अरेरे! तुला लहानपणी दत्तक दिलं होतं का रे, बाळा?"