काम : दाणा चावणे

— हौ, लिहा की साब, पुनाराम लिहा. उमर साठाच्या वर कितीही लिहा, कोणी मोजाले येत नाही. अन् काम? आता इथं तुमची पेन्सिल थांबन, मले माहीत आहे, तुमच्या आधी आलेल्या दोघांचीही इथंच थांबलती. दाणा चावणे. हसा, हसा. जबलपूरच्या तुमच्या त्या कोर्सात कारखान्याची पैशाची तब्येत पाहाले शिकवतात म्हणे — कोणतं खातं कमावते, कोणतं नुसतं बसून खाते — अन् मंग शिकलेलं पक्कं व्हावं म्हणून तुमाले आमच्या लालबर्‍याच्या राइस मिलात धाडतात. तीन दिवस फिरा, सगळ्याइले इचारा, रिपोर्ट लिहा. चांगलं शिक्षण आहे, मी नावं नाही ठेवत. पण बसा पयले, त्या पोत्यावर बसा. उभ्या माणसाले मले सांगता येत नाही.

तर दाणा. उकडलेलं धान ते समोर फरशीवर वाळते, दिसते ना? ते मिलात कव्हा टाकाचं, हे कोण सांगन? लय वाळू दिलं त तांदूळ तुटते, सारी कणी होते. ओलं टाकलं त चेपते. म्हणून एक दाणा घ्याचा, दाढेखाली धराचा, दाबाचा. कट् वाजला त वाळला, दबून राह्यला त ओला. सोपं वाटते? तुमी चावून पाहा, तुमाले दोन्ही सारखेच लागतीन. मोतीलाल सेठच्या बापानं मले या कामावर ठेवलं, तव्हापासून हे स्टूल अन् मी.

पयल्या साबानं काय केलं सांगू? चष्मेवाला होता, गरीब सोभावाचा, माह्या घरची अंबाडीची भाजी दोनदा मागून खाल्ली त्यानं. अन् रिपोर्टात लिहून गेला — हा माणूस दिवसभर स्टुलावर बसते, त्याच्या जागी ओलावा मोजाची मशीन घ्या. सेठनं घेतली. डब्ब्याएवढी, काटेवाली. पयल्याच दिवशी काटा म्हणे वाळलं, मी म्हणलो ओलं. सेठनं काट्याचं ऐकलं. — मंग काय, पोहे निघाले. खरंच सांगतो, पोहे. आठ दिवस हमालाइनं घरी पोहेच खाल्ले. आता ती मशीन कपाटात आहे, सेठ तिच्यावर पानाचा डब्बा ठेवते. दुसरा साब आला, त्यानं ही गोष्ट ऐकली अन् माह्या नावाले हातच नाही लावला. पण यंदा सेठ म्हणते, पुनारामचं काय कराचं ते या साबालेच लिहू द्या, मी एकदाचं करून टाकीन. म्हणून म्हणतो, पाहून लिहा. तुमच्या एका ओळीवर माहं स्टूल उभं आहे.

काय म्हणता? चावून दाखवू? — आत्ता नाही जमणार, तोंडात पान आहे. दिसत नाही? गिळलं असन मंग. उद्या दाखवतो. उद्या एकादशी, नाही काय. परवा तुमी जाता. — असे वाकून तोंडात नका पाहू ना बापू. दाढा आहेत. होत्या. शेवटची दाढ दोन दिवाळ्यामागं करंजीत गेली. पुढचे हे दोन राह्यले आहेत, हसाले.

मंग मशीनले कोणं हरवलं? मीच की. म्हंजे, सांगलं मी. ती पाहा फरशीवर, धानात पाय फिरवून राह्यली — दुर्गाबाई, माही घरवाली. ती चावते. पदर डोक्यावर घेतला त वाळलं, एक हात कमरेवर ठेवला त ओलं. मंग मी उठतो, दाणा तोंडात टाकतो, या गालातून त्या गालात नेतो, डोळे मिटतो अन् सेठले हाक मारतो. दोघाइचं मिळून एक काम झालं. तुमच्या शिक्षणात हे फायद्यातच धरत असतीन.

मंग ती सोताच काहून नाही सांगत? — हे त त्या दोघाइनं नव्हतं इचारलं. सेठ बाईच्या दाताले मानन काय? — मानन. पोहे त्यानंही खाल्ले आहेत. — तुमी लिहिलं काय ते? पेन्सिलीनंच लिहिलं ना, पुसते ते. पुसून टाका ना बापू. मी घरी बसून काय करू, घरी त नुसत्या भिंतीच आहेत.

थांबा. नका पुसू. दोन वर्सं झाले, ती उन्हात अन् मी सावलीत. घरी गेल्यावरही एका शब्दानं बोलली नाही, उलटं मलेच इचारते — थकले काय. लिहा. दुर्गाबाई लिहा, काम दाणा चावणे. अन् माह्या नावापुढं हाक मारणे लिहा. असं खातं नसते तुमच्या कोर्सात? पाहा बा, कुठं बसलं त बसवा.

— आता वळून नका पाहू, पण ती इकडंच पाहून राह्यली. दोन्ही हात कमरेवर. दोन्ही हाताचं आमचं काही ठरलं नव्हतं. हे धानाचं नाही साब, हे माह्यासाठी आहे. निघा तुमी.