सिमल्याचं फूल

१९५३ चा फाल्गुन. ठाण्यात इस्पितळाच्या भेटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, एक कोळीण आणि पदराआड कुंडी धरलेली एक प्रौढ बाई.

“कसला फूल हाय गो बाय?”

“प्रिम्युला. यांची नोकरी सिमल्याला होती, तिथलं.”

“तिथं लय असतील.”

“वसंतात उतारच्या उतार भरायचे. एक जांभळा, कदंबासारखा गोल. एक पिवळा. हा गुलाबी, दीपमाळेसारखा मजल्यामजल्यांनी फुलणारा. हे मला एकेकाचं नाव शिकवायचे.”

“न् इथं लागला?”

“चार वर्षं रोपं उन्हानं गेली. यंदा माठाशेजारच्या गारव्याला हे एक जगलं. काल फुललं.”

“धन्याला दावाचा हाय?”

“हो. महिनाभर बोललेले नाहीत. मला ओळखतात की नाही, तेही कळत नाही.”

“तू माज्यापुढं हो, बाय.”

“अहो, नंबर तुमचा आहे.”

“माजा पोर बरा हाय, तो थांबल. उन्हात फूल सुकल.”

अर्ध्या तासानं ती बाई परतली. हातात कुंडी नव्हती. कोळीण दाराशीच थांबली होती.

“वलखला?”

“नाव घेतलं. फुलाचं.”

“न् तुजा?”

“माझं उद्या घेतील.”